श्रीमंतांचे दान व प्रभूचे माप

शास्त्रपाठ : मार्क १२ : ३८–४४, १ तीमथ्य ६ : १७–१९



यरुशलेमातील मंदिरात आपला प्रभू एके दिवशी भांडारासमोर जाऊन बसला व येणारेजाणारे लोक त्यात द्रव्य कसे घालतात हे पाहू लागला. त्या ठिकाणी तुतारीच्या तोंडासारख्या तोंडाच्या तेरा पेट्या ठेवलेल्या असत, असे यहुद्यांच्या जुन्या ग्रंथांवरून कळते. जड नाणे पडले म्हणजे त्याचा खणखणाट दूरवर ऐकू जात असेल, आणि हलक्या नाण्याचा आवाज बहुधा पेटीजवळ उभ्या असलेल्यासही येत नसेल. दान ही देणाऱ्याची खाजगी बाब आहे, तिच्याकडे दुसऱ्याने पाहणे शोभत नाही, असे आपण समजतो. प्रभूने मात्र तेथे बसून पाहिले, आणि पाहिले ते शिष्यांस बोलावून सांगितलेही. तेव्हा थोर श्रीमंत लोक किती देतात व त्यांनी अधिक द्यावे की काय, हा प्रश्न विचारणे म्हणजे केवळ हेवा करणे होय, असे कोणी म्हटल्यास ते खरे नव्हे. हा प्रश्न आपल्या प्रभूच्या पाहण्यातच आहे.

आमच्या खेड्यापाड्यांतील उपदेशक बंधूंस हा प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. पूर येतो, भूकंप होतो, पाऊस दडी मारतो. आणि वर्तमानपत्रात अमक्या शेटजींनी एक कोटी रुपये दिल्याची बातमी छायाचित्रासह छापून येते. इकडे मंडळीतील मोलमजुरी करणारी बहीण आपल्या पदराच्या गाठीतून दहा रुपये काढते व लाजेने ते ताटात पालथे घालते. मग कोणी विचारतो, "मास्तर, आमच्या दहा रुपयांनी काय होणार? ज्यांच्याजवळ आहे त्यांनीच अधिक देऊ नये काय?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपण नेहमी देतो, दुसऱ्याला मात्र पुष्कळदा बगल देतो, कारण तो देणारा शेटजी कदाचित आपल्या शाळेच्या कौलांसाठीही मदत करीत असतो. आज आपण त्या दुसऱ्या प्रश्नासच हात घालू.

श्रीमंतांनी पुष्कळ टाकले हे प्रभूने नाकारले नाही, त्यांच्या द्रव्यास त्याने खोटेही म्हटले नाही. त्याने फक्त माप बदलले. हातातून किती गेले ह्यावरून जग दान मोजते. प्रभूने हातात मागे काय उरले ते पाहिले. त्या विधवेच्या हाती काहीच उरले नव्हते. त्या धनवानांच्या घरी मात्र त्या संध्याकाळी जेवणाच्या पंक्तीत एक पदार्थही कमी झाला नसेल. हे माप एकदा हाती घेतले की आजच्या मोठ्या आकड्यांचे रूप पालटते. एक हजार कोटी रुपयांचा धनी जेव्हा एक कोटी देतो तेव्हा तो आपल्या द्रव्याचा हजारावा भाग देतो. दिवसाला तीनशे रुपये मिळविणाऱ्या बाईने आपल्या त्या मजुरीचा हजारावा भाग दिला तर ते तीस पैसे होतात, आणि तीस पैशांचे नाणे आज बाजारात मिळतही नाही. शिवाय तो देतो ते साठ्यातून. ती देते ते त्या रात्रीच्या भाकरीतून.

हे केवळ गरिबांचे म्हणणे आहे असे नाही. अमेरिकेतील ओमाहा नगरचे वॉरन बफेट हे जगातील अत्यंत धनाढ्य पुरुषांपैकी एक आहेत. २०१० साली त्यांनी बिल गेट्स व मेलिंडा गेट्स ह्यांच्यासह, अतिश्रीमंतांनी आपली निदान अर्धी संपत्ती जिवंतपणी किंवा मरणसमयी परोपकारास द्यावी, अशी प्रतिज्ञा घेण्याची प्रथा सुरू केली. त्या वेळी लिहिलेल्या पत्रात आपल्या संपत्तीचे शेकडा नव्याण्णवांहून अधिक भाग देण्याचे वचन त्यांनी दिले. आणि त्याच पत्रात त्यांनी मोकळेपणाने कबूल केले की, एवढे दिल्यानेही आपल्या किंवा आपल्या मुलांच्या राहणीत काही उणे पडणार नाही. उलट जे सामान्य लोक दर आठवड्यास देवळातील ताटात पैसे टाकतात, ते आपल्या घरच्या काही सुखास मुकतात. तो गृहस्थ उपदेशक नव्हे, तो व्यापारी आहे. पण विधवेच्या दोन दमड्यांचा हिशेब त्यास आमच्यातील कित्येक पाळकांपेक्षा बरा समजला, असे म्हणणे भाग आहे. आपल्या देशातील अझीम प्रेमजी ह्यांनीही २०१३ साली तीच प्रतिज्ञा घेतली, आणि २०१९ पर्यंत त्यांनी शिक्षणादी कार्यांसाठी लावून दिलेल्या भागभांडवलाची किंमत सुमारे एक लाख पंचेचाळीस हजार कोटी रुपये झाली होती. ह्यावरून एवढे दिसते की, अति धनवानाने अर्ध्याहून अधिक देणे हे अशक्य नाही व त्याने कोणाचे घर बुडत नाही. मग जे हजारावा भाग देऊन थांबतात त्यांनी अधिक का देऊ नये?

परंतु येथे एका धोक्याची सूचना दिली पाहिजे. विधवेच्या ह्या कथेचा उपयोग पुष्कळदा उलटाच केला जातो. "पाहा, तिने सर्व दिले, तुम्ही का देत नाही?" असे म्हणून गरिबांच्याच कनवटीस हात घातला जातो. असे करणाऱ्याने कथेच्या अगोदरच्या तीन ओव्या वाचाव्या. लांब झगे घालून बाजारात नमस्कार घेत फिरणारे व विधवांची घरे गिळून टाकणारे जे शास्त्री, त्यांचा निषेध करून प्रभू लगेच भांडारासमोर येऊन बसला, आणि तेथे एक विधवा आपले शेवटचे द्रव्य घालताना त्याने पाहिली. पुढचा अध्याय उघडला की शिष्य मंदिराच्या प्रचंड दगडांचे कौतुक करीत आहेत, व प्रभू त्यांस ते सर्व ढासळणार असे सांगत आहे. ह्या दोन गोष्टींच्या मध्ये ती विधवा उभी आहे. तिच्या भक्तीची त्याने स्तुती केली ह्यात शंका नाही. परंतु जी व्यवस्था तिच्याजवळचे शेवटचे नाणे घेते व श्रीमंतास थोडक्यात सोडते, त्या व्यवस्थेची त्याने स्तुती केली असे मला ह्या अध्यायात कोठे दिसत नाही.

आता श्रीमंतांच्या बाजूने जे बोलले जाते तेही ऐकू. ते म्हणतात, "हे आम्ही आमच्या कष्टाने मिळविले, आमचे आहे, द्यावे न द्यावे ही आमची मर्जी." ह्यास मोशेच्या नियमशास्त्रात फार पूर्वी उत्तर दिलेले आहे. लेवीय १९ व्या अध्यायात परमेश्वराने शेतकऱ्यास सांगितले की, कापणी करताना शेताचे कोपरे कापू नयेत व पडलेली कणसे वेचू नयेत; ती गरिबासाठी व परक्यासाठी राहू द्यावी. आपल्याकडे सरवा वेचणे म्हणतात ते हेच. मवाबी रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचावयास गेली तेव्हा ती भीक मागावयास गेली नव्हती. नियमशास्त्राने जे तिचे होते तेच ती उचलीत होती. शेत बवाजाचे, पण कोपरा त्याचा नव्हता. ज्याचे शेत एका गावापुरते आहे त्याचा कोपरा लहान. ज्याचे शेत दहा देशांत पसरले आहे, त्याचा कोपराही तेवढाच मोठा असला पाहिजे.

आपल्या सरकारनेही २०१३ च्या कंपनी कायद्यात असाच एक बांध घातला आहे. ठराविक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचा निदान शेकडा दोन भाग समाजकार्यासाठी खर्च करावा, असा तो नियम आहे. तो चांगला आहे. त्यातून कित्येक खेड्यांत पाण्याच्या टाक्या व शाळेच्या खोल्या झाल्या. परंतु तो कंपनीच्या नफ्यावर आहे, मालकाच्या घरातील संपत्तीवर नाही. आणि निदान म्हणून जो आकडा कायद्याने घातला, तोच पुष्कळांनी कमाल म्हणून धरला आहे. आपल्या परूशी बंधूंनी पुदिन्याचा व जिऱ्याचा दशांश असाच काटेकोर मोजला होता.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे, व तिच्यावर थोडे थांबले पाहिजे. अँड्र्यू कार्नेगी हे स्कॉटलंडातील एका गरीब विणकराचे पुत्र. अमेरिकेत जाऊन पोलादाच्या धंद्यात ते अपार धनवान झाले. १८८९ साली त्यांनी एक निबंध लिहिला व त्यात, माणसाने अमाप द्रव्य जवळ ठेवून मरणे लज्जास्पद आहे, असे मत मांडले. ते नुसते लिहून ते थांबले नाहीत. १९१९ साली मरण पावेपर्यंत त्यांनी आपल्या संपत्तीचा सुमारे नऊ दशांश भाग दिला, व निरनिराळ्या देशांत अडीच हजारांवर ग्रंथालये बांधून दिली. गरिबांच्या मुलांस फुकट पुस्तके मिळाली, हे लहान काम नव्हे. परंतु निबंधानंतर तिसऱ्याच वर्षी, १८९२ मध्ये, होमस्टेड येथील त्यांच्या कारखान्यात मजुरी कमी करण्यावरून तंटा झाला. भाडोत्री रखवालदार आणले गेले, गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसे मेली, आणि मजुरांचा संघ मोडून टाकण्यात आला. आता याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय उघडून बसा. शेत कापणाऱ्यांची जी मजुरी धन्याने अडकवून ठेवली ती ओरडते व ती ओरड सेनाधीश परमेश्वराच्या कानी जाते, असे तो प्रेषित सांगतो. ग्रंथालयाच्या शांत दालनात बसले तरी ती ओरड ऐकू येणारच.

हे दूरच्या देशाचे म्हणून सोडून देऊ नका. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी नवराबायकोची जोडी एक कोयता म्हणून ऊसतोडीस जाते. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडता फेडता हंगाम संपतो. आजारपणात एक दिवस कामावर गेले नाही तर खाडा म्हणून पैसे कापले जातात. अशा घामाच्या साखरेवर मोठा झालेला कोणी धनी दुष्काळात पाण्याचे टँकर पाठवितो, तेव्हा ते पाणी आपण घ्यावे. तहानलेल्याने पाण्याचा उगम विचारीत बसू नये. पण धन्यास सांगावयाचे असेल तर जक्कयाची गोष्ट सांगावी. जक्कयाने दोन हिशेब निरनिराळे ठेवले. अर्धी मालमत्ता गरिबांस, हा एक. आणि ज्यांस नाडले त्यांस चौपट परत, हा दुसरा. दुसऱ्या खात्यातील देणे पहिल्या खात्यात दान म्हणून दाखविण्याची युक्ती त्यास सुचली नाही, आणि म्हणूनच त्या दिवशी त्याच्या घरी तारण आले.

आता संकटसमयीच्या मदतीकडे वळू. प्रेषितांच्या कृत्यांत, ११ व्या अध्यायात, अगब नावाच्या संदेष्ट्याने मोठा दुष्काळ येणार असे सांगितले, व तो क्लौद्य कैसराच्या वेळी आला. अंत्युखियातील मंडळीने काय केले? दुष्काळाची बातमी कानी पडताच, प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे यहुदीयातील भावांस मदत पाठविण्याचे ठरविले, आणि ती बर्णबा व शौल ह्यांच्या हाती वडिलांकडे पोहोचविली. ऐपतीप्रमाणे, हे येथे लक्षात घ्यावे. सर्वांकडून सारखी वर्गणी घेतली नाही.

आमच्या अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) व आसपासच्या मंडळ्यांत छपन्नाच्या दुष्काळाच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगण्यात आल्या आहेत. १८९९–१९०० च्या त्या वर्षी पोरकी झालेली पुष्कळ मुले मिशनच्या वस्तिगृहांत वाढली, व आपल्यापैकी काहींचे पणजोबा त्यांच्यातलेच. त्या वेळी न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेराल्ड' ह्या साप्ताहिकाने आपल्या वाचकांस विनंती केली, आणि त्यांच्या देणग्यांतून १९०० साली 'कीटो' नावाचे जहाज मक्याने भरून मुंबईस आले. देणारे बहुतेक साधे लोक होते. हे ऐकून आपले हृदय भरून येते. पण समुद्रापलीकडच्या गरीब विधवांनी आपल्या दमड्या जमवून जहाज भरावे, आणि जवळच्या धनवानाने कोठार कुलूप लावून ठेवावे, अशी परमेश्वराची योजना असेल काय?

त्याच साली एका मोठ्या धनवानाने काय केले तेही सांगणे न्यायाचे आहे. जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह ह्यांनी पंधरा लाख रुपये दिले, आणि त्यातून दुष्काळपीडितांसाठी एक कायमचा निधी स्थापन झाला. त्या काळी पंधरा लाख ही केवढी रक्कम होती! पण रकमेपेक्षा तिची रीत अधिक विचार करण्यासारखी आहे. तो निधी एका दुष्काळापुरता नव्हता. मुद्दल राखून पुढच्या दुष्काळासाठी तो ठेवलेला होता. मिसर देशात योसेफाने हेच केले. सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठविला, म्हणून दुष्काळाच्या सात वर्षांत लोक वाचले. जो आज मिळवून आज खातो तो असा साठा करू शकत नाही. तो आपल्या भाकरीचा अर्धा तुकडा शेजाऱ्यास देईल. पण पुढील दहा वर्षांची तरतूद त्याच्या हातची नाही. ती ज्यांच्या हातची आहे त्यांच्याकडून ती मागितली जाईल.

किल्लारीचा भूकंप आठवा. १९९३ च्या सप्टेंबरची ३० तारीख, गणपती विसर्जनानंतरची पहाट. चार वाजण्याच्या सुमारास लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, ह्या जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त झाली व दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. मातीत बसविलेल्या जाड दगडी भिंती व वर मातीचे जड धाबे, अशी तेथील घरे होती. झोपेत असलेल्यांवर तीच कोसळली. कुडाच्या व गवताच्या हलक्या झोपड्यांत निजलेले गरीब त्या मानाने वाचले. ज्या भिंती चोरापासून रक्षण करण्यासाठी जाड केल्या होत्या त्यांनीच धन्याचा जीव घेतला, ह्याचा अर्थ मी येथे लावीत बसत नाही. मेलेल्यांस दोष देणे हे आपले काम नव्हे, हे शिलोहाच्या बुरुजाविषयी बोलताना प्रभूने शिकविले आहे. पहिल्या आठवड्यात मदतीचा ओघ लागला, आणि कित्येक संस्थांनी व कंपन्यांनी एकेक गाव दत्तक घेऊन पुढे घरेही बांधून दिली. हे दुसरे काम वर्षानुवर्षे चालले; त्याला वर्तमानपत्रात जागा थोडी मिळाली. भूकंपाला टिकेल असे घर बांधणे, गवंड्यांस ते शिकविणे, निराधार झालेल्या मुलांस शाळा पुरी होईपर्यंत सांभाळणे, ह्या कामांना फार पैसा लागतो आणि हार फार थोडे मिळतात.

उलट प्रकारही झाले आहेत. २६ डिसेंबर २००४ रोजी समुद्राची प्रचंड लाट आली व अनेक देशांत मिळून दोन लाखांहून अधिक माणसे मेली. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मदत म्हणून आलेल्या जुन्या, फाटक्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले. कोळी लोकांनी ते उचलले नाहीत. त्यांस जाळी व होड्या पाहिजे होत्या. कपाट रिकामे करणे हे दान नव्हे, हे धनवानास जितके लागू तितकेच आपणासही लागू आहे.

पौलाने करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात जे लिहिले ते सर्वांनी घरी वाचावे. मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः फार दरिद्री असून त्यांनी शक्तीपलीकडे दिले, ह्याचा तो गौरव करतो. पण लगेच म्हणतो की, दुसऱ्यांस सुख व तुम्हांस ओझे, असा आपला हेतू नाही, तर समानता व्हावी. म्हणून आपली मूठमूठ धान्याची पेटी बंद करू नका. परंतु जिच्या घरी दुसऱ्या दिवसाचे पीठ नाही तिच्या दारी ती पेटी घेऊन उभेही राहू नका. आणि ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे त्याने मंडळीत पुढे बसून तिच्याइतकीच मूठ टाकली तर गप्प राहू नका. याकोबाच्या दुसऱ्या अध्यायातील सोन्याची अंगठी घातलेला मनुष्य आमच्या सभांतही येतो, व त्यास खुर्ची देण्याची घाई आम्हांसही होते.

राहिला प्रश्न हा की, हे त्यांस सांगावे कोणी? तीमथ्य हा तरुण होता, त्याचे पोट वारंवार बिघडत असे, आणि इफिस हे अर्तमीच्या देवळाचे व सोनारांचे श्रीमंत शहर. तरी पौलाने ह्याच तरुणास लिहिले की, ह्या युगातील धनवानांस आज्ञा कर. त्यांनी चंचल धनावर आशा ठेवू नये, उदार व्हावे, वाटून घेण्यास तयार असावे. विनंती कर असे त्याने म्हटले नाही. तेव्हा उपदेशक बंधूंनो, पुढच्या खेपेस संकटनिधीसाठी गावातील मोठ्या वाड्यावर जावयाचे असेल तर उंबऱ्यात उभे राहून हात चोळू नका. नमस्कार करून बसा, ज्यांचे घर वाहून गेले आहे त्यांची खरी संख्या सांगा, काय पाहिजे व त्यास किती खर्च येईल हे कागदावर लिहून न्या, आणि त्यातील त्यांचा वाटा त्यांच्या ऐपतीप्रमाणे स्पष्ट बोलून दाखवा. एकट्याने जाऊ नका. पौलाने द्रव्य नेताना मंडळ्यांनी नेमलेले भाऊ बरोबर घेतले, तसे पंचांपैकी दोघांस बरोबर घ्या. पावतीपुस्तक न्या. आणि येत्या रविवारी सर्व जमा व खर्च मंडळीसमोर वाचून दाखवा. रकमा वाचा, पण मोठी देणगी देणाऱ्याचे नाव वाचू नका, आणि लहान देणाराचेही वाचू नका.